तीन लग्नं, दोन घटस्फोट, एकच जोडपं : गोव्यातली पटकथा कुठे सैल पडते

प्रश्न फोंड्याच्या चार मित्रांचा आहे. ते १२० मिनिटांचा मराठी विनोदी प्रेमपट लिहीत आहेत. सर्वेश वाळपईचा काजूवाला, गौतमी मडगावच्या शाळेत शिक्षिका. दोघं एकमेकांशी तीनदा लग्न करतात आणि दोनदा घटस्फोट घेतात, तेही दोन वर्षांच्या आत. वाचनाला बसलेले लोक मध्यंतरापर्यंत हसतात. मग कुणीतरी म्हणतं, "परत एकत्र येणारच आहेत, मग बघायचं काय?" म्हणून दोन गोष्टी विचारल्या आहेत : कथा कुठे ढिली पडते, आणि गोव्याच्या कायद्यात हे सगळं बसतं का.

आधी कायद्याचं घेतो, कारण ढिलेपणाचं औषध तिथेच आहे. तुमच्या मसुद्यात न्यायालय आणि सब-रजिस्ट्रारचं कार्यालय म्हणजे दोन मिनिटांत उरकायची कागदपत्रं आहेत. गोव्यात मात्र याच कागदांवर नवरा-बायकोचं नातं कशावर उभं आहे ते लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक लग्नात ते वेगळं लिहिता येतं. ही सोय दुसऱ्या राज्यातल्या लेखकाला मिळत नाही. तुम्हाला मिळाली आहे आणि तुम्ही ती वापरलेलीच नाही.

हिंदू विवाह कायदा गोव्यात लागू नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून आली. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९१० मध्ये ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा आणि २५ डिसेंबरला विवाहाचा हुकूम निघाला. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने हे सगळं चालू ठेवलं. संमतीने घटस्फोट हवा असेल तर लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि दोघांचंही वय २५ पूर्ण असावं लागतं. अर्जाबरोबर मालमत्तेची यादी, मुलं असतील तर त्यांच्याबद्दलचा करार आणि पोटगीचं काय ठरलं ते द्यावं लागतं. न्यायालय आधी एका वर्षासाठी तात्पुरता घटस्फोट देतं. ते वर्ष सरल्यावर कायमचा हुकूम घ्यावा लागतो.

म्हणजे एका फेरीला किमान तीन वर्षं. तुमची दोन वर्षं जमत नाहीत, आणि जमत नाहीत तेच बरं. दोन वर्षांत तीनदा लग्न करणारी माणसं प्रेक्षकाला उथळ वाटतात. नऊ वर्षं एकमेकांभोवती फिरणारी माणसं वेगळी वाटतात. ज्या दोघांना नऊ वर्षांत दुसरं कुणी सापडलं नाही, त्यांची काळजी वाटू लागते.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला मात्र हे खटकेल. त्याच्या ओळखीचा हिशेब म्हणजे वर्षभर वेगळं राहणं आणि अर्जानंतर सहा महिने, आणि ते सहा महिनेही माफ होऊ शकतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. त्याच्यासाठी वकिलाच्या तोंडी एकच वाक्य टाका : "ते पुण्यात हो. इथे वर्षभर घटस्फोट पिकत घालावा लागतो." भाषण नको.

संमतीशिवाय घटस्फोट मागायला १९१० च्या हुकुमात कारणं दिली आहेत : व्यभिचार, छळ, तीन वर्षं घर सोडून जाणं, पक्का जुगार आणि अशी आणखी काही. तुमच्या दुसऱ्या फेरीत सर्वेशवर खोटा जुगाराचा आरोप आहे. तो काढून टाका. एकाला गुन्हेगार ठरवायला लागलं की विनोदाचा श्वास कोंडतो, आणि खोटा आरोप करणाऱ्या गौतमीला प्रेक्षक शेवटपर्यंत माफ करत नाही.

आता मुख्य गोष्ट. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर दोघांची आधीची आणि पुढे मिळणारी सगळी मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा ठरतो. वारसाने आलेलंही त्यात येतं. करार करायचा तर तो लग्नापूर्वी, नोटरीसमोर रीतसर लेखी. त्यात मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवता येते, किंवा आधीची वेगळी आणि लग्नानंतर कमावलेली एकत्र असंही ठरवता येतं. चौथा, हुंड्याच्या मालमत्तेचा प्रकारही संहितेत आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. आणि एक नियम असा आहे की ज्याने तुमचा सगळा उत्तरार्ध उभा राहील : एकदा लग्न लागलं की हा करार रद्द करता येत नाही, बदलताही येत नाही.

यातून तिन्ही लग्नं वेगळी होतात. पहिलं लग्न अजाणतेपणी : करार नाही, सगळं एकत्र, दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक नाही. पहिला घटस्फोट रागाने. दुसरं लग्न भीतीने : सर्वेशचे काका म्हणतात, मोडलेलं लग्न परत जोडायचं तर मालमत्ता वेगळी ठेवा. दोघंही सही करतात. गौतमी हसत हसत करते, आणि तेच हसू पुढे दोन वर्षं घरात फिरत राहतं. मग दुसऱ्या लग्नात दोघं खरोखर सुखाने राहायला लागतात, सर्वेशला तो कागद टोचू लागतो, तो वकिलाकडे जाऊन विचारतो की करार बदलून द्या. वकील सांगतो, बदलत नाही. लग्न मोडलं आणि पुन्हा केलं तरच नवा करार. म्हणून दुसरा घटस्फोट दोघं प्रेमाने घ्यायला निघतात.

"बघायचं काय" या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं. रागाने मोडणारी माणसं परत जोडली जातील की नाही याची उत्सुकता दोनदा टिकत नाही. पण प्रेमाने मोडायला निघालेल्यांना मध्ये एक सक्तीचं वर्ष काढावं लागतं, आणि त्या वर्षात खेळ खरा होतो. गाव त्यांना मोडलेलं धरतं, शाळेत स्टाफरूममध्ये गौतमीला स्थळं सुचवतात, सर्वेश तिला न विचारता नवं यंत्र घ्यायला कर्ज काढतो आणि पकडल्यावर म्हणतो, "तशी आता तुझी सही लागत नाही." या एका वाक्यावर तुमचा तिसरा अंक उभा राहतो. वकिलाने मात्र त्यांना या वाटेला जाऊ नका असं स्पष्ट बजावलेलं दाखवा. नाहीतर चित्रपटच हा सल्ला देतोय असं वाटेल.

वाट पाहायला लावणाऱ्या हुकुमावर कथा बांधणं नवं नाही. १९३७ च्या 'द ऑफुल ट्रुथ' या अमेरिकन चित्रपटात घटस्फोटाचा हुकूम ९० दिवसांनी पक्का होणार असतो, आणि शेवट त्या मुदतीच्या रात्री, मध्यरात्रीच्या आधी येतो. तिथे ९० दिवस पुरले, तुमच्याकडे ३६५ आहेत. त्यात एक काजूचा हंगाम, एक चतुर्थी आणि एक तुळशीचं लग्न येतं. प्रत्येकाचा एक प्रसंग करा, पण कॅलेंडरची पानं उडताना दाखवू नका.

आणि एकमेकांशीच दोनदा लग्न करणारे लोक प्रत्यक्षात असतात का, अशी शंका निर्मात्याने काढलीच, तर एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांचं सांगा : १९६४ मध्ये लग्न, १९७४ मध्ये घटस्फोट, १९७५ मध्ये पुन्हा लग्न, १९७६ मध्ये पुन्हा घटस्फोट. त्यांचं दुसरं लग्न वर्षभरही टिकलं नाही. तुमच्या जोडप्याचं दुसरं लग्न जास्त टिकतं, आणि ते मोडतं ते सुखात असताना. हा फरक निर्मात्याला समजावून सांगता आला, तर कथा अर्धी विकली गेली म्हणून समजा.

काळ असा धरून बघा. पहिलं लग्न डिसेंबर २०१६, ती २५ ची, तो २८ चा. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा बंद झालेल्या, म्हणजे आहेराच्या पाकिटांत चेक आणि सुट्टी नाणी. दोन वर्षं भरल्यावर जानेवारी २०१९ मध्ये अर्ज, एप्रिलच्या सुमारास तात्पुरता घटस्फोट. वर्ष भरतं एप्रिल २०२० मध्ये, आणि तेव्हा सगळं बंद. दोघांचाही समज असा की वर्ष उलटलं म्हणजे आपोआप मोडलं. टाळेबंदीत फोनवर पुन्हा बोलणं सुरू होतं. डिसेंबर २०२० मध्ये दोघं पुन्हा लग्नाची नोंद करायला सब-रजिस्ट्रारकडे जातात आणि खिडकीतला कारकून फाइल चाळून म्हणतो, "तुमचें लग्न अजून मोडूंकूच ना. कोणाकडेन कोणाचें लग्न करतात?" मध्यंतर इथेच घ्या, ५८ व्या मिनिटाला. हे कायद्यातही चोख आहे : कायमचा हुकूम नाही म्हणजे पहिलं लग्न चालू आहे, आणि चालू लग्नावर दुसरं लग्न होत नाही, नवरा तोच असला तरी.

आता ते म्हणू शकतात की मग प्रश्नच मिटला, चला घरी. तसं का होत नाही, याचं कारण मध्यंतरानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत पक्कं द्या. सर्वेशचे वडील आजारी आहेत. बागायत त्यांच्या नावावर आहे. लग्न चालू असताना सर्वेशला वारसा आला तर तो सामाईक होणार. काकांचा हट्ट : आधी कायमचा हुकूम, मग करार, मग लग्न. आणि गौतमी स्वाभिमानाने स्वतःच म्हणते, "मला तुमचे काजू नकोत." तिच्या या वाक्याशिवाय काका खलनायक होतात. वाक्य असलं की चूक दोन्हीकडे वाटली जाते, आणि तेच हवं. कायमचा हुकूम २०२१ च्या मध्यावर, दुसरं लग्न त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन चातुर्मासात, मुहूर्त नाही, होम नाही, बाहेर पाऊस आणि आत फक्त सह्या. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, कायमचा हुकूम जानेवारी २०२५, तिसरं लग्न त्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर. ती ३४ ची, तो ३७ चा.

सह्यांबद्दल एक चूक मसुद्यात आहे ती दुरुस्त करा. गोव्यात लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते, लोक त्याला पहिली सही आणि दुसरी सही म्हणतात. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणं. मग नोटीस फळ्यावर लागते, कुणाचा आक्षेप असेल तर यावा म्हणून मुदत असते, आणि दुसऱ्या सहीने लग्न कायद्याने पक्कं होतं. तुमच्याकडे पहिल्या सहीनंतर पेढे वाटले आहेत आणि त्यानंतर दोघं भांडून "घटस्फोट" मागतात. लग्नच झालेलं नाही तर घटस्फोट कसला? गोव्यात हा गैरसमज खरा आहे आणि त्यात मुलींचं नुकसान झालेलं आहे, त्यामुळे तो चित्रपटातून पुढे पसरू देऊ नका. नोटिशीचा फळा मात्र वापरा. दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्याच फळ्यावर तीच दोन नावं वाचून थांबणारे लोक, एवढंच दाखवलं तरी प्रेक्षागृहात हशा होईल.

कुटुंबातल्या माणसांना कथेत काम नाही, ती फक्त जेवायला येतात, अशी तुमची स्वतःचीच तक्रार आहे. तेही कायद्यातून सुटतं. सामाईक मालमत्तेत घर-जमीन विकायची तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. सर्वेशच्या धाकट्या भावाला डिचोलीतला वडिलोपार्जित तुकडा विकायचा असेल, तर वहिनीची सही हवी. म्हणून दीर वहिनीची मनधरणी करतो, काका दूर ठेवू पाहतात, नणंद मध्ये पडते. प्रत्येकाला या लग्नात काहीतरी अडकलेलं आहे. सर्वेशच्या वडिलांना वारसाने आलेल्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर "तो गोव्याबाहेर, तो वाचला" असा विनोद आहे, तो काढा. १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की गोवेकराच्या वारशाला गोव्याबाहेर भारतात असलेल्या मालमत्तेपुरताही इथलाच कायदा लागतो.

आयकराची गंमत तर अजून कुणी वापरलेली दिसत नाही. सामाईक मालमत्तेत राहणाऱ्या गोव्यातल्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न विवरणपत्रात निम्मं-निम्मं दाखवावं लागतं. गौतमीचा पगार तिचाच राहतो, पण सर्वेशच्या काजूच्या धंद्यातला निम्मा नफा तिच्या विवरणपत्रात येतो. तो घरी सांगतो, यंदा सीझन पडला. जुलैमध्ये तिच्या सीएच्या टेबलावर खरा आकडा असतो. पहिल्या लग्नातलं मोठं भांडण या टेबलावर करा. दुसऱ्या लग्नात मालमत्ता वेगळी असल्यामुळे तिला आकडा कळत नाही, आणि आता तो खरं सांगतो तरी तिला पडताळता येत नाही. एकच जागा, दोन लग्नं, दोन वेगळ्या अडचणी.

घटस्फोटाच्या अर्जाला मालमत्तेची यादी जोडावी लागते, हे वर आलंच. ती यादी वकिलाकडे करू नका, घरात करा. दोघं एका वहीसह खोलीखोलीतून फिरताहेत. असं काहीसं :

गौतमी : (लिहीत) फ्रिज, एक.
सर्वेश : तो तुझ्या बाबांनी दिला.
गौतमी : कोणी का देईना. निम्मा तुझा.
सर्वेश : निम्म्या फ्रिजात काय ठेवू?
गौतमी : बिया. मिक्सर, एक. भांडं फुटलेलं.
सर्वेश : फुटलेलं लिहू नको, किंमत पडते.
गौतमी : आदोळी, एक.
सर्वेश : ती आजीची.
गौतमी : माहीत आहे.
सर्वेश : ती लिहू नको.
(ती लिहिलेलं खोडते. पुढच्या खोलीत जाते.)

आदोळीबद्दल याहून जास्त कुणीही काही बोलायचं नाही. नारळ किसायला ती रोज लागते, आणि ती यादीत नाही म्हणजे ती अजून कुणाचीच झालेली नाही. पहिल्या घटस्फोटाची यादी चार पानांची, दुसऱ्याची अर्ध्या पानाची, कारण मालमत्ता वेगळीच होती. आदोळी दोन्हींत नाही. प्रेक्षकाच्या हे लक्षात येतं. पात्रांनी ते बोलून दाखवलं की लगेच मरतं.

लांबीचं. तुम्ही तिन्ही लग्नांना सारखी आठ-आठ मिनिटं दिली आहेत आणि दोन्ही घटस्फोटांना तीन-तीन. नेमकी इथेच कथा ढिली पडते. पहिलं लग्न सात मिनिटं करा, सगळ्या विधींसकट, कारण प्रेक्षकाला माणसं ओळखायची आहेत. दुसरं चार. तिसरं दोन मिनिटांपेक्षा कमी. घटस्फोट उलट वाढत जाऊ द्या : पहिला पाच मिनिटांत, दुसरा आणि त्यातलं वर्ष मिळून जवळजवळ वीस. मिनिटांचा अंदाज असा : पहिलं लग्न १६ व्या मिनिटाला सुरू, पहिला अर्ज ३६, मध्यंतर ५८, दुसरं लग्न ६८, प्रेमाने घटस्फोटाचा निर्णय ८२, खरं भांडण ९६, तिसरं लग्न ११३. तिसऱ्या लग्नाआधी नोटरीकडे जाण्याचा प्रसंग लिहू नका. काका करार तयार करून फाइल आणतात, ती जेवणाच्या पंगतीत पाटाखाली राहते, बस.

तीन लग्नांत भांडण मात्र एकच ठेवा. तुम्ही प्रत्येक वेळी नवं कारण शोधलं आहे : सासू, मग जुनी मैत्रीण, मग बदली. नवं कारण आलं की मागचं खोटं ठरतं. सर्वेशच्या धंद्यात कारण आयतं आहे. मार्च ते मे काजू पडतो. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, जमिनीवर पडला की त्याच दिवशी गोळा करावा लागतो, बी वेगळी काढायची, बोंडू मळायला कोळंबीवर, म्हणजे ते तुडवायच्या जागेवर, न्यायचे, रस भाटीला, म्हणजे दारूच्या भट्टीला. एक दिवस चुकला की बोंडू कुजतात. म्हणून तो प्रत्येक गोष्टीला म्हणतो, "सीझन सरूं दी." डॉक्टरकडे जायचंय, सीझन सरूं दी. तिच्या शाळेचा कार्यक्रम, सीझन सरूं दी. पहिल्या लग्नात हे ऐकून ती रडते. दुसऱ्यात ती त्याची वाक्यं त्याच्या आधी पूर्ण करते. घटस्फोटाची तारीखही एप्रिलमध्ये पडते आणि तो न्यायाधीशांसमोर हेच म्हणतो. या पुनरावृत्तीला लोक हसतील, कारण दरवेळी ती वेगळ्या ठिकाणी लागते. तिसऱ्या वेळी हेच वाक्य तिच्याकडून यावं : परीक्षेचे पेपर तपासतेय, तो विचारतो कधी बोलायचं, ती मान वर न करता म्हणते, "सीझन सरूं दी." आणि तो थांबतो. बागेत बोंडू पडलेले असताना तो थांबतो, हे दिसलं पाहिजे. म्हणून आधी कुजलेल्या बोंडूंचा ढीग आणि त्यावरच्या माशा एकदा जवळून दाखवून ठेवा, तोटा किती ते कळायला.

काढून टाकण्यासारखं : न्यायाधीशांचं विवाहसंस्थेवरचं भाषण, मोबाइलवर चुकून गेलेला मेसेज, आणि तो बावळट तिसरा माणूस ज्याच्याशी गौतमी लग्न करणार असते. हा माणूस ठेवायचाच तर चांगला ठेवा. बावळटाला नाकारणं सोपं असतं, त्याने सर्वेशची किंमत वाढत नाही. मूल आणू नका. नऊ वर्षं मुलाला या फेऱ्यांत फिरवलं तर प्रेक्षकाचं हसू आटतं, आणि ते योग्यच आहे.

भाषेचा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. घरात कोंकणी, पत्रिकेत आणि नाटकात मराठी, फाइलीत इंग्रजी, आणि इन्व्हेंटरीपासून तेओरपर्यंत (म्हणजे नोंदीची पूर्ण नक्कल) पोर्तुगीजांनी ठेवून दिलेले शब्द. मराठी चित्रपट आहे, तर बहुतांश संवाद मराठीतच राहू द्या, पण राग आणि लाड कोंकणीत येऊ द्या, एका वेळी एक-दोन वाक्यं. प्रसंग स्पष्ट असेल तर कोल्हापूरच्या प्रेक्षकालाही "मोडूंकूच ना" कळतं. भाषांतराची सवय लावू नका, म्हणजे एकाने कोंकणीत बोलायचं आणि दुसऱ्याने लगेच तेच मराठीत म्हणायचं.

मराठीचा सगळ्यात चांगला उपयोग लग्नपत्रिकेत होईल. "आमचे येथे श्रीकृपेकरून" पर्यंत ठीक. पुढे? पहिल्या पत्रिकेत चि. सौ. कां. गौतमी. तिसऱ्या वेळी छापखानेवाला पेन घेऊन बसला आहे आणि विचारतो, यांना सौ. कां. म्हणायचं का? सौ. म्हणायचं तर आज सौ. नाहीत. श्रीमती म्हटलं तर नवरदेव समोर बसलाय. "ज्येष्ठ कन्या हिचा शुभविवाह" याच्या पुढे "पुनश्च" घालायचं का? हा प्रसंग पाच मिनिटं चालेल, फक्त छापखानेवाल्याला खरोखर अडचण पडलेली असावी. तो टिंगल करत नाही, त्याला बरोबर छापायचं आहे.

देवळातल्या कौलाचाही तसाच जपून उपयोग करा. देवाला पाकळ्या लावून प्रसाद मागतात, उजवी पडली तर होकार. पहिल्या लग्नाला लगेच पडते. तिसऱ्या वेळी सगळे ताटकळतात. पण देवाच्या निर्णयावर शेवट टांगू नका आणि पुजाऱ्याला विनोदी करू नका. गाऱ्हाणं घालणाऱ्याला शब्द सापडत नाहीत, एवढं पुरे : "बा देवा, ही तुझी लेकरां... परत आयलीं." आणि मागून सवयीने "व्हय महाराजा".

जोडपं ख्रिस्ती करावं का, असंही विचारलं आहे. मग कथाच वेगळी होईल. चर्चमध्ये लागलेलं लग्न नागरी घटस्फोटाने चर्चच्या दृष्टीने संपत नाही, त्यामुळे त्याच दोघांचं दुसरं लग्न चर्चमध्ये लावण्याचा प्रश्नच येत नाही. त्यात स्वतंत्र चित्रपट आहे, पण तो हा नव्हे.

चित्रीकरणाचं थोडक्यात. गोव्यातल्या परवानग्यांचं काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. देवळासाठी मात्र त्या देवस्थान समितीची वेगळी लेखी परवानगी लागते. गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याचं मनातही आणू नका, अग्रशाळा (देवळाच्या आवारातल्या भाविकांच्या खोल्या) आणि सभामंडप तुम्हाला पुरतात. पहिलं आणि तिसरं लग्न एकाच मंडपात सलग तीन दिवसांत घ्या, आधी तिसरं, मग पहिलं. तिसऱ्यात माणसं कमी आणि सजावट साधी, त्यामुळे नंतर भर घालत जाता येतं. उलटं केलं तर अर्धा दिवस मंडप उतरवण्यात जातो. वय दाखवायला केसांचे टोप लावू नका, हातातले मोबाइल, चष्मा आणि गाडी बदला. दुसऱ्या लग्नाचा पाऊस जुलैत खऱ्या पावसात घ्यायचा मोह होईल, पण पत्र्याच्या छपराखाली संवाद रेकॉर्ड होणार नाहीत. कौलारू कार्यालय शोधा.

चुड्याकडे विशेष लक्ष द्या. काचेच्या हिरव्या बांगड्या संवादाच्या मध्ये किणकिणतात आणि ध्वनिमुद्रण वाया जातं. संवादाच्या शॉटला बांगड्यांच्या मधे पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे लावा, हाताच्या जवळच्या शॉटला काढा. त्या फुटतातही भराभर, म्हणून एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या निदान तीन जोड जास्त आणून ठेवा आणि पहिल्या लग्नात किती होत्या त्याचा फोटो काढून ठेवा. अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, दिव्यांच्या उष्णतेत तीन-चार तासांत मान टाकतात. सकाळसाठी आणि दुपारसाठी वेगळे सांगा.

नवा मसुदा झाला की दोन ठिकाणी वाचा. आधी गोव्यात घटस्फोटाची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलासमोर, फक्त न्यायालय, नोंदणी आणि करार यांचे प्रसंग, आणि त्याला विचारा की कारकून प्रत्यक्षात कोणता कागद मागेल. तो सांगेल ते जसंच्या तसं संवादात घाला. मग जत्रेतल्या नाटकाला पहाटेपर्यंत बसणारे प्रेक्षक जमवून संपूर्ण वाचन करा, मध्यंतरासकट. कुठे हसले याच्या खुणा करू नका. यादीच्या प्रसंगात "ती लिहू नको" नंतर किती वेळ शांतता राहिली ते मोजा. तीन सेकंद राहिली तर प्रसंगाला हात लावू नका. कुणी लगेच खोकलं किंवा हसलं, तर आदोळी त्याआधी एकदा तरी स्वयंपाकघरात चालताना दाखवायची राहिली आहे. पहिल्या लग्नानंतरच्या सकाळी, २६ व्या मिनिटाच्या आसपास, तिथे जागा आहे.